भावाच्या बागेतली कॉफी

सिडकोत माझी पिठाची गिरणी होती. नव्वदच्या दशकात मागच्या गल्लीत एक बाई राहायला आल्या. माहेर चिकमगळूरकडचं, नवरा अंबडच्या कारखान्यात. भावाची कॉफीची बाग होती. तिथून भाजलेल्या बियांचं पार्सल आलं की त्या ते तसंच गिरणीत घेऊन येत.

पहिल्या खेपेला मी बिया मसाल्याच्या चक्कीवर दळल्या. दुसऱ्या दिवशी त्या कपच घेऊन आल्या. "ताई, पिऊन बघा." पहिल्याच घोटाला मिरचीचा ठसका लागला. मग कॉफीसाठी हाताने फिरवायचं एक जुनं यंत्र मी वेगळं ठेवलं.

मी चहा पिणारी. पण बियांच्या जाती ओळखायला त्यांनी शिकवलं. अरेबिका लांबट, मधली रेघ वळणाची. चव हलकी, किंचित आंबट, वास दूरवर जातो. रोबस्टा बुटकी, रेघ सरळ. कडू, दाट, फेस भरपूर. फळात दोनाऐवजी एकच बी धरली तर ती वाटाण्यासारखी गोल होते, ती पीबेरी.

"आमच्याकडे फक्त अरेबिका," त्या सांगायच्या. "वडिलांनी लावलेली झाडं. ती चव दुसरीकडे नाही."

दोन हजार साल उलटून गेल्यावर एकदा मी पार्सल फोडलं आणि थांबले.

"काकू, ह्या वेळी बिया वेगळ्या आहेत."

"छे, भावानेच पाठवल्यात."

मी चार बिया त्यांच्या तळहातावर ठेवल्या. सगळ्यांची रेघ सरळ. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग समोरच्या एसटीडी बूथवर गेल्या. काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते. परत येऊन बाकावर बसल्या.

"खोडकिडा लागला होता. चार वर्षांपूर्वीच सगळी अरेबिका तोडली म्हणे. मला वाईट वाटेल म्हणून शेजारच्या बागेतली विकत घेऊन पाठवत होता. यंदा त्याची स्वतःची रोबस्टा पहिल्यांदा धरली, तर ती पाठवली." मग म्हणाल्या, "आणि मी चार वर्षं नवऱ्याला सांगतेय, आमच्या झाडांची चवच वेगळी."

मी हाताचं यंत्र पुढे ओढलं. "दळू का?" मी विचारलं.

"दळा."

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन जाताना त्या दिसल्या. कशी लागली, मी विचारलं.

"कडू," त्या म्हणाल्या. "भावाला फोन करून सांगितलं, छान आहे."