टीनाला घरी ठेवलं तो शनिवार

आमच्या हुडको कॉलनीत हर्षा कापगतेला सगळे मॅडमच म्हणतात, भाजीवालासुद्धा. तिचे वडील केवलराम साकोलीकडची धानाची शेती भावांवर सोडून भिलाईला आले आणि स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये तीस वर्षं तापून रिटायर झाले. हर्षानं लग्न केलं नाही. रुआबांध्याच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत ती तिसरीला शिकवते. शाळेत हिंदी, पोरांच्या आयांशी छत्तीसगढी आणि घरी बापाशी मराठी, असा तिचा दिवस जातो.

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यानं मोहीम काढली. तिसरीतल्या प्रत्येक मुलाला वर्ष संपायच्या आत एक परिच्छेद सलग वाचता आला पाहिजे. नवी पुस्तकं आली, गोष्टींची कार्डं आली. ज्याला जेवढं येतं तेवढ्यावरून मुलांचे गट पाडायचे आणि तिथून पुढे न्यायचं, अशी पद्धत होती. पुष्कळ शिक्षकांनी नाकं मुरडली. हर्षाला ते मनापासून पटलं. रविवारी दुपारी ती ओसरीवर पुठ्ठे कापत बसायची आणि केवलराम त्यावर मोठ्या अक्षरात शब्द लिहून द्यायचे. जुलैत वर्गातल्या सव्वीस मुलांपैकी नऊ वाचत होती. जानेवारीत पंचवीस वाचायला लागली. यात काही खोटं नव्हतं.

सव्विसावी टीना. तिला अक्षरं यायची, पण काना-मात्रा लागल्या की ती थांबायची. ओठ मिटून घ्यायची आणि बाकाच्या कडेचा रंग नखानं खरवडत राहायची.

फेब्रुवारीत एका शनिवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. हजर मुलांचीच टक्केवारी निघणार होती. मुख्याध्यापक देवांगन सर सहज बोलून गेले, "एक जरी अडकलं तरी शंभर टक्के जातात, मॅडम." त्यांनी याहून जास्त काही म्हटलं नाही, हे हर्षा आजही स्वतःला बजावते. पुढचं तिनं स्वतः केलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर टीनाची आई बिसाहिन तिला न्यायला आली. बिसाहिन प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरांत धुणीभांडी करते. हर्षानं तिला फाटकाशी गाठून सांगितलं, की पोरीला खोकला आहे, उद्या तिला घरीच राहू दे, आराम करू दे.

टीना आईच्या पदराला धरून उभी होती. ती म्हणाली, "मैडम, मोर खाँसी तो माड़ गे हे." खोकला तर बरा झालाय.

"नाही बेटा, आराम कर," हर्षा म्हणाली. टीनानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान खाली घातली.

शनिवारी पंचवीसच्या पंचवीस मुलांनी वाचून दाखवलं. सोमवारी बिसाहिन शाळेत आली ती लाल भाजीची मोठी जुडी घेऊन. पोरीच्या तब्येतीची एवढी काळजी आजवर कुठल्या मॅडमनं केली नव्हती, असं ती दोनदा म्हणाली. हर्षानं भाजी घेतली, घरी नेली, लसणाची फोडणी देऊन केली. केवलरामांनी मागून मागून खाल्ली. हर्षानं त्या दिवशी नुसत्या वरणाशी भात खाल्ला.

मग टीना एक दिवसाआड येऊ लागली आणि मार्चच्या सुरुवातीला यायचीच थांबली. हर्षाच्या ते ध्यानात आलं नाही असं नाही. पण निकाल लागला होता. आसपासच्या शाळांच्या पूर्ण संकुलात शंभर टक्के एकट्या तिच्या वर्गाचे होते. पेपरात फोटो आला. केवलराम तो कापून शर्टाच्या खिशात ठेवत आणि दुकानादुकानांत दाखवत. दुर्गला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, तिथं तिला बोलायला बोलावलं.

ती चांगलं बोलली. शेवटी पाटणकडच्या एका खेड्यातली गीतांजली नावाची तरुण शिक्षिका उभी राहिली. "मॅडम, माझ्या वर्गात एक मुलगी आहे. काही केल्या पुढे सरकत नाही. तुमच्या वर्गातलं सगळ्यात मागे असलेलं मूल तुम्ही कसं वर आणलं?"

हर्षाच्या तोंडून निघून गेलं, "मी तिला रोज अर्धा तास वेगळं घेऊन बसले. महिनाभरात वाचायला लागली."

गीतांजलीनं ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघ ओढली. हर्षाला मंचावरून ती रेघ दिसली.

घरी आल्यावर ती चपला न काढता ओसरीवर बसून राहिली. केवलरामांनी विचारलं, "काय होऊन राहिलं तुले? भाषण बिघडलं का?"

"बाबा, सब्बन पोरं वाचतात म्हणून तुमी जे सांगत फिरून राहिले ना, ते खरं नाही. एका पोरीले मी परीक्षेले येऊच नाही देलं."

तिनं सगळं सांगितलं. केवलराम मग म्हणाले, "इन्स्पेक्शन राहे त्या दिवशी आमी बी खराब ट्रॉली शेडच्या मांगं ढकलत होतो. पण ते लोखंड होतं, बाई."

तिला वाटलं होतं, ते समजूत घालतील. त्यांनी खिशातलं कात्रण काढलं, घडी घातली आणि तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेआधीच ती वस्तीत गेली. टीना नळावर भांडी घासत होती. मॅडमला पाहताच ती हातातली ताटली टाकून आत पळाली. बिसाहिन कामाला निघाली होती. म्हणाली, "काय करू मॅडम, जातच नाही. म्हणते, शाळेत माझं काही काम नाही."

हर्षानं तिला खरं सांगितलं. खोकल्याचं निमित्त होतं, टीनाला वाचता येत नव्हतं म्हणून मीच तिला नको म्हटलं. बिसाहिन भांडली नाही. तिनं पदर खोचला आणि हळूच म्हणाली, "अउ मैं तुंहर बर भाजी लाए रहेंव." आणि मी तुमच्यासाठी भाजी घेऊन आले होते.



हर्षानं जिल्हा कार्यालयाला पत्र लिहिलं, की माझ्या वर्गाचा निकाल पंचवीस नव्हे, सव्वीस मुलांवर धरावा. देवांगन सर म्हणाले, गैरहजर मूल गैरहजरच असतं, नियमात सगळं बसतंय, कशाला उकरून काढता. तरी तिनं ते पाठवलं. उत्तर आलं नाही. मग तिनं गीतांजलीचा नंबर शोधून फोन केला. तिला खरं काय ते सांगितलं. मग गीतांजली म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. तुमचं महिनाभरात झालं, माझं महिना उलटून गेला तरी होईना. मला वाटायला लागलं होतं, मलाच शिकवता येत नाही."

हर्षा म्हणते, त्या फोननंतर तिला बिसाहिनच्या दारातल्यापेक्षाही जास्त लाज वाटली.

हर्षा वस्तीत जाऊन आल्यावर आठ-दहा दिवसांनी टीना परत आली, तीही आईनं हात धरून आणली तेव्हा. हर्षा तिला रोज मधल्या सुट्टीनंतर जवळ घेऊन बसू लागली. महिनाभरात काही झालं नाही. टीना चौथीत गेली तरी हर्षानं ती अर्ध्या तासाची बैठक मोडली नाही. दिवाळीनंतर कधीतरी टीना कार्डावरचं एक वाक्य थांबत थांबत, पण शेवटपर्यंत वाचून गेली. आता ती परिच्छेद वाचते, बोट ठेवून.

पण कुठलीही परीक्षा असली की आदल्या दिवशी ती तिसरीच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहते. वर्गात मुलं असली तर ती पांगेपर्यंत थांबते आणि मग विचारते, "मॅडम, उद्या मी येऊ?"

हर्षा दर वेळी हो म्हणते. एकदा तिनं टीनाला सांगून पाहिलं, की हे विचारायचं नसतं बेटा, तू यायचंच. टीनानं मान हलवली. पुढच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ती पुन्हा दाराशी आली होती.