सोफ्यावरची माझी जागा

सुनेनं सोफा धुवायला माणसं बोलावली. त्यांच्या मशीननं कापडावर पाणी मारलं आणि लगेच ओढूनही घेतलं. बादलीत काळपट पाणी पडलं तसा एकजण हसला, "आजोबा, बघा किती घाण!"

घाण कसली? रोज डोक्याला खोबरेल लावून मी तिथंच टेकतो. सुती कापड तेल पितं, डाग पडणारच. हल्लीच्या लोकांना घर असं हवं, की आत कुणी राहतं हे कळूच नये. पुढं चकचकीत सोफा, अन् म्हातारा मागच्या खोलीत.

"अण्णा, संध्याकाळपर्यंत बसू नका हं, ओला आहे," सून म्हणाली.

मी बसलो. धोतर भिजलं, पाठ गार पडली.

सुनेला म्हटलं, "लाव मशीन. मलाही धुऊन काढ."