शेवटच्या कडव्यातलं नाव

प्रेमदासचा आवाज गोड नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. अल्लीपूरच्या विहारात तो भीमगीत म्हणायला उठला की पेटीवाला कपाळाला हात लावायचा. वर्ध्याला टेप-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, आणि खिशात कायम कवितांची वही. पण कविता कसल्या! ऐकणाऱ्याला वाटे, हे आपण कुठंतरी ऐकलंय.

एकोणऐंशी साली त्याची बहीण अन्नपूर्णा कापसाच्या जिनिंगात कामावर असताना मेली. पदर मशीनच्या पट्ट्यात अडकला. मालकाच्या माणसाने हजेरीपट उघडून दाखवला, की या नावाची बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच. आई मीराबाईला वाचता येत नव्हतं. नीट पाह्य, असंन, असं तिने प्रेमदासला तीनदा सांगितलं. नाव नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं वहीत एक ओळ उतरली नाही. मग सेवाग्राम पाहायला आलेली एक गोरी बाई बंद पडलेला टेप घेऊन दुकानात आली. आत अडकलेली कॅसेट त्याने सोडवली, लावून पाहिली आणि ऐकतच राहिला. गाणारा गात कसला होता, नरडं फाटेस्तोवर भांडत होता. याला पंक म्हणतात, असं बाईने सांगितलं. इंग्रजीतलं त्याला ओ की ठो कळलं नाही. पण रागाला गोड गळा लागत नाही, हे कळलं. मजुरीऐवजी त्याने ती कॅसेटच मागून घेतली.

पेटी सुटली, तबला सुटला. रॉकेलचा रिकामा पिपा बडवत तो ओरडू लागला:

पट्टा फिरला, पदर नेला, पोर नेली,
पट म्हणतो, इथं कोणी नाही मेली!

शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव गुंफायचं, ही आपल्याकडची रीत. ज्याचं नाव, त्याचं गाणं. प्रेमदासने तिथे ‘अन्नपूर्णा म्हणे’ असं घातलं. लोक म्हणाले, हे गाणं आहे का भांडण? आई मात्र दर वेळी पुढे बसायची. ते कडवं आलं की पदराने डोळे पुसायची.

पंच्याऐंशीत गायनपार्टीवाला हरिदास आला. त्याच्या कॅसेटा निघायच्या, गळाही मधाळ. त्याने गाणं मागितलं. प्रेमदासची एकच अट होती, शेवटचं कडवं हलवायचं नाही. हरिदासने विहारात हात जोडून कबूल केलं. आपलाच माणूस, लिहून कशाला घ्यायचं? भोळसटच!

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत लग्न होतं. भर दुपारी भोंग्यावर तेच गाणं लागलं, ढोलकीच्या ठेक्यावर, नाचायजोगं. मीराबाई हातातली पोळी टाकून मांडवात येऊन बसली. पोरीच्या नावाची वाट पाहत. शेवटचं कडवं आलं. ‘हरिदास म्हणे.’

तिने प्रेमदासकडे पाहिलं. टेप घसरला असंन, असं खोटंच सांगून त्याने कॅसेट मागे फिरवली. पुन्हा कडवं आलं तसा त्याने बटण पिळून आवाज बंद केला आणि स्वतःच ओरडला, अन्नपूर्णा म्हणे! नाचणारे थांबले. कुणीतरी शिवी दिली.

मीराबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“हे तुह्या तोंडातलं झालं, बापू,” ती म्हणाली. “त्याइच्या पटावर नाई, याच्या टेपात नाई. मंग माही पोर होती का नाई?”