कोऱ्या डिस्कचा सत्कार

भैय्यालालला नागपूरची हवा लागली होती. तिथला संगणकाचा कोर्स त्याने अर्धवट टाकला, पण भंडाऱ्यात परतला तो थेट इंजिनिअर होऊनच. काळा चष्मा, खिशाला तीन पेनं, आणि मामा यादोराव मच्छीमार संस्थांच्या संघाचे अध्यक्ष. एवढी पुण्याई पाठीशी असली की शिकायची गरज कुणाला?

एकोणनव्वद साली संघाने नवा संगणक घ्यायचं ठरवलं. जुना धापा टाकत होता, पण त्याच्या पोटातली हार्ड डिस्क धड होती. "चालती डिस्क कायले फेकायची? तेच नव्यात बसवू," असं संचालकांचं शहाणपण निघालं. म्हणून डिस्कशिवायचा रिकामा डबा आला. आता ही डिस्क आणि तिच्यातली, मशीन चालवणारी डॉस प्रणाली नव्या डब्यात नेणार कोण? भैय्यालाल.

सुलोचनाबाई रामटेके संघाच्या टायपिस्ट. धनी जवाहरनगरच्या कारखान्यात, म्हणून क्वार्टर तिथलं. बाई रोज बसने भंडाऱ्याला येत. कोणता तलाव कोणत्या संस्थेकडे, कुणी किती मत्स्यबीज सोडलं, सभासद कोण, हे सगळं त्यांनीच वर्षभर बसून त्या डिस्कमध्ये भरलं होतं.

भैय्यालालने स्क्रू काढले, डिस्क नव्या डब्यात ठोकून बसवली, वायर जोडली. पडद्यावर डिस्कचा पत्ताच नाही. त्याने नागपूरहून आणलेली फ्लॉपी सारली, हे दाब, ते दाब. शेवटी पडद्यावर इंग्रजीत इशारा आला. बाईंनी तो वाचला आणि त्या खुर्ची सोडून पुढे आल्या.

"भाऊ, थांबा. आतलं सारं मिटते म्हणून लिहून आलं नं!"

"ते असंच लिहितेत बाई. मी नागपुरात शिकून आलो. तुमी काहून भेऊन राहिल्या?"

"एकडाव नागपूरले फोन तं लावा."

"तुमी आपलं टाइपिंग पाहा."

आणि त्याने 'वाय'ची कळ दाबली. डिस्क बराच वेळ कुरकुरत राहिली. मग मशीन सुरू झालं, काळ्या पडद्यावर डिस्कच्या नावाचा 'सी' लुकलुकला. यादोराव धावत आले. टाळ्या पडल्या. एका संचालकाने तर डब्याला हात जोडले. आत काही आहे का, हे पाहायची बुद्धी एकालाही झाली नाही.

बाईंनी पाहिलं. एकही तलाव उरला नव्हता.

तोवर शाल-नारळ आला होता. "बाई, भैय्यालालले हार घाला," यादोराव म्हणाले.

"घालतो. पण पयले त्याइले इचारा, आपले तलाव कुठं गेले?"

सगळे भैय्यालालकडे पाहू लागले. त्याने चष्मा पुसला. "लाइट कमी-जास्त झाली नं मामाजी. लाइटीनं खाल्लं."

"लाइटीचं तं असंच आहे आपल्याकडं," यादोराव म्हणाले आणि हार त्यांनी स्वतःच घातला.

सगळं पुन्हा भरायचं काम अर्थात बाईंच्या गळ्यात पडलं. "भरतो," त्या म्हणाल्या, "पण भैय्यालालभाऊ जवळ बसून रजिस्टरातली नावं वाचून देतीन." भैय्यालाल बसला. ढिवर मच्छीमारांची नावं वाचताना तोंड वाकडं करत, दर घटकेला पान खायला उठत. दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली, तिसऱ्या दिवशी तो फिरकलाच नाही. त्याच महिन्यात गांधी चौकात त्याच्या संगणक क्लासची पाटी लागली.

बाईंनी एकटीने काम पुरं केलं. रोज संध्याकाळी चुरचुरत्या डोळ्यांनी बस गाठायच्या. वार्षिक सभेत यादोरावांनी आभार मानले ते भाच्याचे, संघाला नव्या युगात नेल्याबद्दल.

बाई भांडल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी यादोरावांना 'साहेब' म्हणणं तेवढं सोडलं. यादोरावांच्या मात्र हे कधी ध्यानातच आलं नाही.