बेदाण्याच्या खोलीतला सोलो

"हे काय पाठवलंस? व्हायब्राफोन आहे की पत्र्याचा डबा?" लोबो सर फोनवर विचारत होते. मी तासगाव रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये, बेदाण्याच्या बॉक्सांच्या थप्पीसमोर, स्वेटर आणि कानटोपी घालून उभी होते. हातात वाजवायच्या काठ्या. अशा अवतारात माणसानं वाद घालू नये, तरी मी घातला. माइक खराब असेल, मी म्हणाले.

लोबो सर आमच्या पुण्यातल्या जॅझ बँडचे लीडर. अल्बममध्ये माझा एक सोलो होता. सोलो म्हणजे बाकीचे मागे सरतात आणि एकटा वादक मनानं वाजवतो तो भाग. सर तो सारखा परत पाठवत होते. तक्रार एकच: मी फार वाजवते, सुरांमध्ये जागा सोडत नाही. आज संध्याकाळपर्यंत नीट टेक गेला नाही, तर सोलो गिटारवाल्याला मिळणार होता. त्याला देण्यापेक्षा मी तो कुत्र्याला घातला असता.

सांगलीत घरी रेकॉर्डिंग जमेना. वरच्या मजल्यावर मिक्सर, खाली डीजेवाल्याचं टेस्टिंग. तेव्हा नवऱ्याचे मामा, आण्णा, म्हणाले, "आमच्या स्टोरेजला ये की. भिंती लय जाड हायत. आत वरडलं तरी भायेर कळत न्हाई." माझ्यासाठी त्यांनी कॉम्प्रेसरही थोडा वेळ बंद केला. अट एकच. आण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणार, त्यामुळे त्याआधी कुलूप.

शांतता अप्रतिम होती. आवाज मात्र मेलेला. व्हायब्राफोनला धातूच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीखाली नळी. पट्टी वाजली की नळीतली हवा तिला साथ देते. हवा गारठली की नळीचा सूर उतरतो आणि साथ सुटते. हे मला माहीत होतं. शांततेच्या लोभात विसरले.

"आवाजाचं सोड," सर म्हणाले. "पण मध्ये मध्ये थांबलीस कशी? आज पहिल्यांदाच तू गप्प बसलीयेस."

मी कुठली थांबतेय. बोटंच वळत नव्हती. पण हे त्यांना कशाला सांगू?

वाद्य ढकलत बाहेरच्या शेडमध्ये आणलं. बेदाणा निवडणाऱ्या बायका घरी गेल्या होत्या. उबेला नळ्या शुद्धीवर आल्या आणि आवाज भरला. बोटंही सैल झाली, आणि माझी टकळी पुन्हा सुरू. टेक पाठवला. उत्तर लगेच आलं. आवाज छान, वादन जुनंच, गिटारवाल्याला फोन करतोय.

मला रडूच आलं. इतकी वर्षं रियाज करून माझ्यापेक्षा माझी गारठलेली बोटं बरी वाजवतात, हे पचेना. मग राग आला आणि रागातच सुचलं. सरांना थोडं थांबायला सांगितलं, तडक खोलीत गेले आणि गार बॉक्सांवर हात ठेवून बसले.

"खुळी का काय तू, पोरी?" आण्णा दारातून म्हणाले. "दिस मावळाय आला. माझं ज्यावान ऱ्हाईल."

"आवं आण्णा, एकच टेक."

बोटांची लाकडं झाल्यावर धावत बाहेर आले आणि वाजवलं. जमेल तेवढंच. दोन सूर, मग थांबणं. त्या थांबण्यात पट्ट्या किती वेळ घुमत राहतात ते मी पहिल्यांदा नीट ऐकलं. इतकी वर्षं मीच त्यांच्यावर बोलत होते.

आण्णांना ते आवडलं नाही. "मगाशी लय वाजीवलंस, त्ये भारी हुतं. ह्यात काय न्हाई," म्हणाले आणि कुलूप लावून जेवायला गेले.

सरांचा मेसेज आला: "ठेवतोय."

सोलो अल्बममध्ये आहे. गिटारवाला माझ्याशी बोलत नाही, ही वरकमाई. मैफिलीला मात्र कोल्ड स्टोरेज नेता येत नाही. म्हणून हल्ली मी वाजवण्याइतकाच न वाजवण्याचाही रियाज करते. हात गरम असताना ते गप्प ठेवणं फार अवघड. तोंडाचं नंतर बघू.