मुलुंडच्या शोमधला बारावा आवाज

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव मी आजवर ऑफिसात डबा खाताना टाइमपास म्हणून वाचत आले. त्यामुळे हसायचं तर खुशाल हसा... पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गेल्या वर्षी बोरिवलीत, एका शाळेच्या हॉलमध्ये, संगीत नाटकाच्या वर्कशॉपला मी नाव घातलं. दर रविवारी सकाळी. बिगिनर्स बॅच, आम्ही बाराजण, सगळे ठोकळे. सरांनी सुरुवातीलाच जोड्या लावल्या. लांब सुरावर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की गाणं तुटतं, म्हणून एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा. माझ्या जोडीला आल्या कांदिवलीच्या सावंत काकू. साठीच्या, मालवणी, किंचित नाकातला आवाज, पण दम असा की विचारू नका!

फक्त स्टेप्स त्यांना जमेनात. कायम अर्धा ठेका मागे. शो मुलुंडला होता, माझं अख्खं ऑफिस येणार होतं, आणि काकू नेमक्या माझ्या शेजारी. आठवडाभर आधी मी सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, काकूंमुळे अख्ख्या लाईनची वाट लागतेय." सरांनी त्यांना "पुढच्या शोला बघू" म्हणून थांबवलं. काकूंनी त्या दिवशी शोसाठी हिरवा ब्लाउज शिवून आणला होता. तो त्यांनी पिशवीतून बाहेरही काढला नाही. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं... लिहितानाही लाज वाटतेय.

शोमधलं शेवटचं गाणं. एका जागी वाद्यं थांबतात आणि फक्त आमचा सूर राहतो. तिथे सवयीने मी श्वास घेतला आणि मग लक्षात आलं — माझ्या जोडीला कुणीच नाही! माझा आवाज थांबलेला ऐकून गोंधळलेल्या बाकीच्या दहाजणांनीही त्याच क्षणी श्वास घेतला. पण सूर तुटला नाही. माझ्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेतून तो किंचित नाकातला आवाज सरळ चालू होता.

शोच्या व्हिडिओत अकराही जण श्वास घेताना दिसतात, आणि सूर ऐकू येतो. सरांनी तो चारदा पाहिला, "माइकचं काहीतरी असेल" म्हणाले आणि विषय बदलला.

पुढच्या रविवारी मी काकूंच्या घरी गेले, माफी मागायचं ठरवूनच. व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, "काकू, तुम्ही शोला आला होतात का?"

"मी खंय येतंय? हयच भात लावी होतंय. घड्याळ बघलंय, म्हटलंय, आता शेवटचा गाणा. त्या जाग्यार तू श्वास घेतंस ना... पोर एकटी पडात, म्हणून मी हयसूनच सूर धरलंय."

कांदिवलीचं स्वयंपाकघर कुठे आणि मुलुंडचं स्टेज कुठे!

काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसल्या.

"पण माका कित्याक काढल्यानी गो? सरांनी काय सांगूक नाय. तू इचारशील त्यांका?"

मी कपात बघत म्हणाले, "हो काकू... विचारते."