उजवी पाकळी

निंबर्ग्याच्या बाजूला आमचं गाव. घरात मराठी, बाजारात जमेल ती बोली, आणि देवाशी मात्र कानडी. आमच्या देवाला कानडीच कळते असं सगळे मानत, आणि गुरवाचा मुलगा असून मीही मानत असे. कौल लावायचं काम वडिलांचं. त्यांचे हात थरथरायला लागले तसं ते माझ्याकडे आलं. कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. वडिलांची एकच ताकीद होती, पाकळी लावताना मनात काही ठेवू नकोस.

मनाचं सोडा, अंगठ्यालासुद्धा सगळं कळत असतं. डावी जरा दाबायची, उजवी नुसती टेकवायची, झालं काम.

निजामाचं राज्य बुडायच्या आधीचा तो उन्हाळा. हत्यारबंद टोळ्या गावं लुटत फिरत होत्या. आळंदचा बाजार दुपारीच उठायचा. रोज कुठेतरी धूर दिसायचा, आणि कालच्यापेक्षा तो किती जवळ आलाय, हे जो तो मनातल्या मनात ताडायचा. लोक गाड्या जुंपून सरहद्दीपलीकडे, अक्कलकोटकडे निघाले होते. मी पारावर बसून त्यांना भित्रे म्हणत होतो. खरं तर मीच सगळ्यांत जास्त घाबरलो होतो. आमच्या आळीत आता दोनच घरं उरली होती, एक आमचं आणि एक शेजारच्या अण्णांचं.

एका सकाळी अण्णांचीही गाडी भरून उभी राहिली. वहिनी आणि दोन लेकी वर बसलेल्या. अण्णा एकटेच देवळात आले.

"समदे जायलेत. देवाला एकदा इचारतो आन् निघतो," ते म्हणाले.

मी पाकळ्या पाण्यात बुडवल्या. अण्णांनी हात जोडून विचारलं, "इल्ले इरलेनु?" म्हणजे, इथंच राहू का?

गाडी दारात भरलेली, आणि माणूस विचारतो राहण्याचं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण अण्णा गेले तर आळीत आमचं एकच घर उरणार होतं, आणि पाकळ्या लावताना माझं सगळं लक्ष अंगठ्यात होतं. उजवी पाकळी घटकाभरातच गळली. अण्णा बाहेर गेले. वहिनींनी एकेक भांडं खाली उतरवलं.

दोन दिवसांनी विहिरीवर बैलांना पाणी पाजताना अण्णा मला म्हणाले, "तुजा अंगठा म्या बघितला व्हता."

मी दोन पावलं मागं सरकलो.

"कामून घाबरायलास? मला ऱ्हायचंच व्हतं. बापाची जमीन टाकून जीव निघत न्हाई. पर लेकींना माज्या तोंडानं कसं सांगू? पल्याडच्या वाडीतला गुरव समद्यास्नी जायाचाच कौल देतो, म्हनून तर तुज्याकडं आलो."

पुढच्याच आठवड्यात धूर आमच्या गावात होता. अण्णांना त्यांच्याच खळ्यावर मारलं. लेकींना घेऊन वहिनी ओढ्यात लपल्या, म्हणून वाचल्या. मी गाभाऱ्याला आतून कडी लावून बसलो होतो. अण्णांची हाक मी ऐकली होती.

त्या दिवसांत आमच्या हातात काय होतं, असं आता म्हातारे म्हणतात, आणि मला त्यांचा राग येतो. राज्य आमचं नव्हतं, टोळ्यांपुढे आमचं काही चालत नव्हतं, हे खरंच आहे. पण गाडी आमची होती, बैल आमचे होते आणि रस्ता अजून उघडा होता. अण्णांनी आपलं ओझं माझ्यावर टाकलं, मी ते देवावर टाकलं, आणि दोघंही मोकळे झालो असं समजलो.

दहावं उरकलं आणि वहिनींनी पुन्हा गाडी भरली. जू धरून मी उभा होतो.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ते देवानंच सांगितलं व्हतं, का तुमी? तुमी असाल तर सांगा. मानसावर राग धरता येतो. देवावर धरून म्या कुटं जाऊ?"

माझा अंगठा, अण्णांची ती इच्छा, सगळं जिभेवर आलं होतं. मला कुणी अडवलं नव्हतं.

"देवानंच," मी म्हणालो.

वहिनींनी मान हलवली. मग त्या देवळाकडे पाठ करून बसल्या, आणि दोन्ही लेकींचे खांदे धरून त्यांनाही तसंच बसवलं.